छडी मागण्याआधी

सातारा, १४ डिसेंबर २०२५

ती. ताईस,


तुझे पत्र आणि पालकांच्या बैठकीसाठी तू लिहायला घेतलेल्या निवेदनाचा मसुदा, दोन्ही मिळाले. भाच्याच्या शाळेत चाकूने जखमी झालेल्या मुलाच्या जिवावरचे टळले हे वाचून हायसे वाटले. पण शाळेचे नाव काढले की भाचा गप्प होतो, रात्री तुझ्याजवळ येऊन झोपतो, हे वाचल्यापासून चैन पडत नाही. ज्याच्याशेजारी बसून रोज डबा खाल्ला, त्याच मुलाने दुसऱ्या मित्रावर चाकू चालवलेला त्याने पाहिला. नववीतल्या पोराने हे कसे पचवायचे? बैठक शनिवारी आहे, म्हणून लगेच लिहायला बसलो. फोनवर हे सगळे सलग सांगता आले नसते.

तुमच्या मागण्या चार आहेत. फाटकावर रोज दप्तर तपासावे, प्रत्येक मजल्यावर सीसीटीव्ही बसवावेत, त्या मुलाला दाखला देऊन कायमचे बाहेर काढावे आणि शिक्षकांना पूर्वीसारखा मार देण्याची मोकळीक असावी. पहिल्या दोन मागण्या राहू देत. तिसरीचा फेरविचार व्हावा. चौथी मात्र खोडून टाक, अशी माझी हात जोडून विनंती आहे. बैठकीत तुला उत्तरे द्यावी लागतील, म्हणून कारणे सविस्तर लिहितो.

आधी कॅमेरे आणि पहाऱ्याबद्दल. २० एप्रिल १९९९ रोजी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, कोलंबाइन हायस्कूलमध्ये, दोन विद्यार्थ्यांनी बारा विद्यार्थ्यांचा आणि एका शिक्षकाचा जीव घेतला. त्या शाळेत कॅमेरे होते. उपाहारगृहातल्या कॅमेऱ्यात ते दोघे बंदुका घेऊन फिरताना दिसतात. शाळेसाठी नेमलेला सशस्त्र पोलीस होता, त्याने हल्लेखोरावर गोळ्याही झाडल्या. एवढे असून तेरा जीव गेले. कॅमेऱ्याचा तपासाला उपयोग होतो, खोडसाळांना थोडा वचकही बसतो. पण मुलाच्या मनात आठवडाभर काय शिजते आहे, ते त्याला दिसत नाही.

आपल्या देशातले उदाहरण अधिक बोलके आहे. ८ सप्टेंबर २०१७ रोजी गुरुग्राममधल्या एका शाळेच्या स्वच्छतागृहात सात वर्षांच्या मुलाचा खून झाला. पोलिसांनी त्याच दिवशी बसच्या कंडक्टरला पकडले. चारच दिवसांत सीबीएसईने परिपत्रक काढून शाळांना कॅमेरे, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि मानसिक चाचणी यांचे आदेश दिले. देशभरच्या पालकांची नजर शिपायांवर, मावशींवर, बसवाल्या काकांवर रोखली गेली. नोव्हेंबरमध्ये सीबीआयने ताब्यात घेतला तो त्याच शाळेतला अकरावीचा विद्यार्थी. परीक्षा आणि पालकसभा पुढे ढकलली जावी म्हणून त्याने हे केले, असा सीबीआयचा आरोप आहे. कंडक्टर मात्र दोन महिन्यांहून अधिक काळ तुरुंगात होता. आपण धोका फाटकाबाहेर शोधत राहतो आणि वर्गातल्या मुलाची घुसमट कुणाच्या नजरेस पडत नाही.

ती नजरेस पडू शकते का? पडू शकते, आणि याला आधार आहे. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने आणि शिक्षण खात्याने मिळून १९७४ ते २००० या काळातल्या शाळांमधल्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. ८१ टक्के घटनांमध्ये हल्लेखोराच्या मनात काय आहे हे निदान एका माणसाला आधी माहीत होते, आणि ते माहीत असणारे बहुतेक वेळा दुसरे मूलच होते, मित्र, वर्गमित्र किंवा भाऊ. म्हणजे बातमी शाळेत असते. ती मोठ्यांपर्यंत पोहोचत नाही.

तुझ्या पत्रातले एक वाक्य मी म्हणूनच पुन्हा वाचले. इन्स्टावर दोघांचे वाजले होते, ‘उद्या बघतोच’ असे वर्गाच्या ग्रुपवर पडले होते, आणि हे निम्म्या वर्गाला माहीत होते, असे भाच्याने तुला सांगितले. ताई, सगळा प्रश्न इथे आहे. निम्म्या वर्गाला माहीत होते, तर एकानेही सरांना किंवा बाईंना का सांगितले नाही? यासाठी भाच्याला मुळीच रागावू नकोस. मुले गप्प राहतात याला कारणे असतात. सांगणाऱ्याला वर्ग ‘चमचा’ म्हणतो. सरांना सांगितले तर आधी सांगणाराच उभा राहतो, मग सगळ्या वर्गाला शिक्षा होते. घरी सांगितले तर मोबाइल काढून घेतला जातो. पुण्यात कोयते नाचवणाऱ्या पोरांच्या रील मुले रोज पाहतात, त्यामुळे धमकी खरी की नुसता रुबाब, हेही त्यांना उमगत नाही. अशा मुलाने तोंड उघडायचे तर ऐकणारा मोठा माणूस भरवशाचा लागतो. माझ्या मते शाळेची सुरक्षितता या एका गोष्टीवर उभी आहे.

आणि म्हणूनच छडीला माझा विरोध आहे. कायद्याचे म्हणशील तर तो स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे. तो कायदा सहा ते चौदा वयासाठी आहे, तेव्हा ‘आमची मुले नववीत आहेत’ असे बैठकीत कुणी म्हणेल. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७५ अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू आहे. मूल ज्यांच्या हाती सोपवले त्या संस्थेतल्या माणसाने क्रूरपणा केला तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. तरी कायदा क्षणभर बाजूला ठेव. ज्या हाताचा मार बसतो, त्या हाताच्या माणसाजवळ कोणते मूल मनातले बोलेल? छडीने वर्ग शांत होतो हे मी नाकारत नाही. पण तीच शांतता आपल्याला घातक आहे, कारण त्या शांततेत ‘उद्या बघतोच’ हेही ऐकू येत नाही.

याचा अर्थ शिस्त नको असा मुळीच नाही. आज शिक्षक मुलांना बोलायलाही कचरतात, हे तुमच्या बैठकीतल्या पालकांचे म्हणणे खरे आहे. १० जुलै २०२५ रोजी, ऐन गुरुपौर्णिमेला, हरियाणातल्या हिसार जिल्ह्यात विद्यार्थ्यांनी मुख्याध्यापकांना भोसकून मारले. केस कापून या, शिस्तीत राहा, असे सांगितल्याचा राग त्यामागे होता, असे पोलिसांनी सांगितले. त्या दिवशी आमच्या शिक्षकखोलीत कुणाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आम्हालाही घरी मुलेबाळे आहेत. शिक्षकाच्या पाठीशी शाळा आणि पालक उभे राहिले नाहीत, तर तो वर्गात फक्त धडा शिकवील आणि घंटा झाली की निघून जाईल. त्यात नुकसान मुलांचेच आहे.

मग शिस्त कशी हवी? नियम थोडे, लिहून लावलेले, आणि ट्रस्टींच्या मुलालाही तेच. शिक्षा लहान, पण नक्की होणारी आणि त्याच दिवशी होणारी. ढकलाढकली झाली की पालकांना बोलावणे जाते, रक्त निघेपर्यंत कुणी थांबत नाही. मोडले ते दुरुस्त करायचे, दुखावले त्याच्यासमोर उभे राहून बोलायचे. नॉर्वेत १९८२ च्या अखेरीस छळाला कंटाळून तीन मुलांनी आत्महत्या केल्या, तेव्हा सरकारने देशभर मोहीम काढली. डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाने तिचा आराखडा केला. मधल्या सुट्टीत मोठ्यांची देखरेख, प्रत्येक वर्गाचे स्वतःचे नियम, छळणाऱ्याशी, सोसणाऱ्याशी आणि दोघांच्या पालकांशी गंभीर बोलणे, असे साधे उपाय त्यात होते. बर्गन शहरातल्या शाळांमध्ये छळाचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. यातले आपल्याकडे न होण्यासारखे काय आहे?

आता दाखल्याचा प्रश्न. जखमी मुलाच्या आईला तो मुलगा पुन्हा त्याच वर्गात नको असेल, तर तिचे म्हणणे पूर्ण मान्य केले पाहिजे. पण त्याचे काय करायचे ते बाल न्याय मंडळ ठरवील. त्याच्या हाती नुसता दाखला ठेवला, तर तोच मुलगा तेवढाच राग घेऊन दुसऱ्या शाळेत जाईल, किंवा कोणत्याच शाळेत जाणार नाही आणि चौकातले ‘भाई’ त्याला जवळ करतील. पहिल्याच चुकीला मुलांना काढून टाकण्याचे धोरण अमेरिकेने १९९० च्या दशकात राबवले. तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अभ्यासगटाने पुढे त्याची छाननी केली, तेव्हा त्याने शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

एक काम मात्र आजच कर. पालकांच्या ग्रुपवर त्या मुलाचा फोटो आणि नाव फिरते आहे, असे तू लिहिलेस. ते ताबडतोब काढायला लाव. कायद्याशी संबंध आलेल्या मुलाची ओळख उघड करणे हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून मोठे कारण असे, की दोन मुलांचे भांडण आडनावांवरून दोन समाजांचे व्हायला वेळ लागत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये उदयपूरला दहावीतल्या मुलाने वर्गमित्राला भोसकले. शहरात गाड्या जळल्या, इंटरनेट बंद झाले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्येच अहमदाबादेत एका विद्यार्थ्याचा असाच जीव गेल्यावर जमावाने शाळा फोडली, कर्मचाऱ्यांना मारले. ज्या आईबापांचे मूल गेले, त्यांच्या पदरात यातून काय पडले?

निवेदनात काय लिहावे ते आता सांगतो. प्रत्येक वर्गासाठी दोन मोठी माणसे नेमा, त्यांची नावे वर्गात लावा, आणि सांगणाऱ्या मुलाचे नाव कुठेही फुटणार नाही असे लेखी द्या. मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना जिने, स्वच्छतागृहे आणि सायकल स्टँड इथे कोण उभे राहील ते ठरवा. मारामाऱ्या बाकांवर होत नाहीत, तिथेच होतात. तक्रारपेटी दर आठवड्याला उघडा. आमच्याकडे पेटी बरेच दिवस रिकामी असायची. चिठ्ठी निघाली की त्याच दिवशी काहीतरी करायचे असे ठरवल्यावर ती भरू लागली. डबा हिसकावणाऱ्यापासून मरणाच्या गोष्टी बोलणाऱ्या मैत्रिणीपर्यंत सगळे काही मुले त्यात लिहितात. समुपदेशक नेमण्याची मागणी ठामपणे करा. माझ्या शाळेच्या मंजूर पदांमध्ये ते नाही, पण तुमची शाळा भरभक्कम फी घेते, तिला ते परवडेल. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक प्रत्येक वर्गात लावा. जखमी मुलाचा बुडालेला अभ्यास कोण घेणार आणि हे पाहिलेल्या वर्गाशी कोण बोलणार, तेही लिहा. पालक-शिक्षक संघाचा प्रत्येक पालक सभासद असतो, त्यामुळे हे सगळे मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आणि निवेदनाच्या शेवटी पालकांनी स्वतःसाठीही काही लिहावे, असे मला मनापासून वाटते. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये ३० नोव्हेंबर २०२१ रोजी पंधरा वर्षांच्या मुलाने बंदुकीचे आणि रक्ताचे चित्र काढले. शिक्षिकेने ते पाहिले, शाळेने आईवडिलांना बोलावले. ते आले आणि त्याला घरी न नेता निघून गेले. त्याच्या दप्तरात बंदूक होती, वडिलांनी काहीच दिवसांपूर्वी त्याच्यासाठी घेतलेली. दप्तर कुणी उघडून पाहिले नाही. त्या दुपारी त्याने केलेल्या गोळीबारात चार विद्यार्थ्यांचा जीव गेला. २०२४ साली त्या आईबापांना सदोष मनुष्यवधासाठी निदान दहा वर्षांची शिक्षा झाली. म्हणून शाळेचे बोलावणे आले की कामावर रजा टाकून जायचे. मुलाची बाजू घेऊन शिक्षकांवर तुटून पडण्याआधी पूर्ण ऐकून घ्यायचे. आणि मूल काही सांगू लागले तर मोबाइल हिसकावण्याची धमकी द्यायची नाही. एवढे तरी प्रत्येक पालकाने लिहून द्यावे.

ताई, शनिवारी लोक संतापलेले असतील, ओरडतील. तू शांतपणे एवढेच विचार, ‘निम्म्या वर्गाला माहीत होते, ते आपल्यातल्या एकालाही का कळले नाही?’ या प्रश्नाचे उत्तर शाळा आणि पालक मिळून शोधणार असतील, तर कॅमेरे खुशाल बसवा. ते शोधायचे नसेल, तर कितीही कॅमेरे बसवले तरी मुले सुरक्षित होणार नाहीत. छडीची मागणी काढ, सांगण्याची जागा माग. भाच्याला जवळ घे. दाजींना नमस्कार.

कळावे, लोभ असावा.

तुझा धाकटा भाऊ