तिच्या तोंडातलं लोखंड

आम्हा गोमंतकीयांचं घोड्याशी नातं तसं लाकडीच. शिगम्यात डिचोली, पेडणे, सत्तरीकडची घोडेमोडणी तुम्ही पाहिलीच असेल. कमरेला लाकडी घोडा बांधलेले गडी, एका हातात लगाम, दुसऱ्यात तलवार, आणि ढोल-ताशांच्या तालावर पुढे-मागे नाचणं. तो लगाम कितीही खेचा, घोडा तक्रार करत नाही. जिवंत घोड्याच्या तोंडात काय चाललेलं असतं हे मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. कळलं ते जोयड्यात.

मोले सोडून अनमोडचा घाट चढलात की जोयडा तालुका लागतो. (जुनी माणसं अजून सुपा तालुकाच म्हणतात. सुपा गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि कचेऱ्या जोयड्याला गेल्या.) तिथं जगलबेटच्या बाजूला माझ्या एका मित्राने पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या आहेत. हौसेने त्याने एका घोडेबाजारातून कुमैत रंगाची घोडी आणली. साजही तिच्यासोबतच आला.

घोडी दिसायला देखणी, पण लगाम हातात घेतला की मान वर फेकायची. मित्राच्या मुलाला तिने एकदा पाडलं. घरच्यांनी "विकून टाका" म्हणून धोशा लावला होता. मी गेलो तेव्हा मोठ्या ऐटीत बसलो. तिने मान उडवली, मी लगाम खेचला. तिने आणखी उडवली, मी आणखी खेचला. उतरलो तेव्हा तिच्या तोंडाचा फेस गुलाबी झाला होता.

अंगणात एक वयस्क कुणबी गृहस्थ बसले होते. जन्मभर बैलांना वळण लावलेला माणूस. ते एवढंच म्हणाले, "तिचें तोंड पळयलां तुमी?"

नव्हतं पाहिलं. कोणीच नव्हतं.

आपण लगाम म्हणतो तो सगळा सरंजाम. तोंडात जाणाऱ्या लोखंडाला आपल्या मराठीत कडियाळी असा नेमका शब्द आहे. ती बाहेर काढली तर सळईला काटे! उत्तरेकडे हा काटा-लगाम सर्रास चालत आला आहे. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत काटेरी कडियाळीला स्पष्ट मनाई आहे, तरी बाजारात ती मिळते.

बेळगावहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी घोडीचे ओठ वर करून आम्हाला दाखवलं. पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्या मध्ये मोकळी जागा असते, कडियाळी तिथं बसते. त्या जागी दात नाहीत म्हणून दुखत नसेल, असा माझा समज. खरं तर तिथं हाडाची धार आणि तिच्यावर पातळ कातडं, आपल्या नडगीसारखं. डाव्या बाजूला जखम होती. शिवाय दाढांना बाहेरून टोकं आली होती, ती कानशीने घासावी लागली. महिनाभर तोंडात लोखंड नको, असं सांगून डॉक्टर गेले.

मग नवीन कडियाळीचा शोध. गोल काठी तोंडात आडवी धरून ओठांच्या दोन्ही कडांशी खूण केली. पावणेपाच इंच भरली. दोन्हीकडे थोडी जागा हवी, म्हणून पाच इंची घ्यायची ठरली. जाड सळई मऊ असं मला वाटे. पण हिचं तोंड लहान, जीभ मांसल, जाड सळई मावणार कुठं? आणि बारीक घेतली तर ती रुतते. मध्ये एकच सांधा असला की लगाम खेचताच दोन्ही बाजू अडकित्त्यासारख्या मिटतात. म्हणून तीन तुकड्यांची, दोन सांध्यांची, गुळगुळीत कडियाळी घेतली. कडेच्या सैल कड्यांत ओठाची कातडी चिमटते, म्हणून कडी घट्ट बसवलेली. पट्टा इतकाच आवळायचा की ओठाच्या कोपऱ्यात एक सुरकुती पडावी.

गंमत म्हणजे यातलं बरंचसं जुनंच आहे. झेनोफन या ग्रीकाने सुमारे २४०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की ताठ कडियाळी घोडा दातात धरतो, लवचीक असली तर सोडतो. आपल्या गोव्याच्या बंदरातून अरबी घोडे घाट चढून विजयनगरला जात. फेर्नाव नुनीझ हा पोर्तुगीज घोडेव्यापारी लिहितो की तिथला राजा वर्षाला १३,००० घोडे घेई. एवढ्या तोंडांत कोणतं लोखंड होतं ते कोण सांगणार!

महिन्याने मी पुन्हा गेलो. मित्राने कडियाळी तळहातावर चोळून गरम केली, गूळ लावला आणि तिच्यापुढे धरली. ती मागे सरली. पुन्हा धरली. तिसऱ्यांदा तिने तोंड उघडलं, लोखंड जिभेने चाळवत राहिली. या खेपेला मी लगाम हातात घेतलाच नाही, मुलगा बसला. कुणबी बाबा पायरीवरून बघत होते. अंगणाच्या टोकाला डावीकडे वळताना तिने मान झटकली. मुलाचा हात आपोआप मागे आला.

"सोड," बाबा म्हणाले. त्याने सोडला. ती वळली.