डिरेक्टरीतली यंत्रं

6 ऑक्टोबर 2025, सोमवार
विंडोज 10 ची मोफत सुरक्षा अपडेट्स 14 तारखेला थांबणार. आमच्या डोमेनमध्ये अशी किती यंत्रं उरलीत, हे ऑफिसला हवंय. हाताखालच्या मुलाने ‘डीएसक्वेरी कॉम्प्युटर’ चालवून सांगितलं, “मॅडम, बरोबर शंभर!” ही कमांड मुळातच शंभर नावांवर थांबते. शेवटी तशी ओळही छापते, पण ती वाचायची राहून जाते. ‘-लिमिट 0’ जोडायला सांगितलं. खरी यादी कितीतरी लांब निघाली.
रात्री सोसायटीच्या गच्चीवर कोजागिरीचं दूध.

8 ऑक्टोबर, बुधवार
विरार लोकलमध्ये उभ्याने विचार केला. यादीतलं प्रत्येक नाव म्हणजे टेबलावरचं यंत्र नव्हे. ‘-इनॅक्टिव्ह 8’ दिलं की आठ आठवडे लॉगऑन न झालेली यंत्रं येतात. पण त्यामागची ‘लास्ट-लॉगऑन-टाइमस्टॅम्प’ची नोंद 14 दिवसांपर्यंत मागे असू शकते. म्हणून दोन आठवड्यांच्या हिशेबावर कुणाचंही खातं बंद करायचं नाही.

11 ऑक्टोबर, शनिवार
चंदनसारला घरूनच व्हीपीएनवर काम. दुपारी वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी आणि मोबाइलचं इंटरनेट यांवर निभावलं.
वरिष्ठांचा निरोप: जुनी खाती सरळ उडवा. मी नकार दिला. आमच्याकडे बिटलॉकरची रिकव्हरी की डिरेक्टरीत त्या कॉम्प्युटरच्या खात्याखालीच साठवलेली असते. खातं पुसलं की कीही जाते. बाळंतपणाच्या रजेवरची एखादी सहकारी सहा महिन्यांनी लॅपटॉप उघडेल, डिस्क 48 अंकी की मागेल, आणि तिच्या कामाचं दार कायमचं बंद झालेलं असेल. रिसायकल बिन असला तरी त्याचीही मुदत असते. यादी साफ दिसावी म्हणून एवढा धोका का घ्यायचा? आधी डिसेबल करायचं, वेगळ्या ओयूमध्ये, म्हणजे डिरेक्टरीतल्या वेगळ्या कप्प्यात, हलवायचं, वर्णनात तारीख आणि कारण लिहायचं. वरिष्ठांना हे फोनवर सविस्तर सांगितलं, त्यांना पटलं.

14 ऑक्टोबर, मंगळवार
आज पॉवरशेलमध्ये ‘गेट-एडीकॉम्प्युटर’ने ऑपरेटिंग सिस्टिमचा रकाना मागवला. विंडोज 11 च्या आवृत्तीचा आकडाही 10.0 नेच सुरू होतो, म्हणून नावावरून गाळलं. उरलेल्या विंडोज 10 यंत्रांपैकी काही हिशेब विभागाकडे आहेत. दिवाळीचा बोनस त्यांवरूनच निघतो. त्यांना आधी वाढीव अपडेट्स विकत घ्यायची, बदली यंत्रं दिवाळीनंतर. मागणीपत्र संध्याकाळी पाठवलं.