इंदूरची पिवळी गाडी

इंदुरास जाणाऱ्या मराठी माणसास आपण परक्या गावी आलो आहोत असे सहसा वाटत नाही. राजवाड्याची ती सात मजली देवडी पाहावी, खजराण्याच्या गणपतीस नमस्कार करावा, राजेंद्रनगरच्या एखाद्या गल्लीतून जाताना खिडकीतून अस्सल मराठी शब्द कानी पडावेत. आणि सकाळी पोह्यांच्या बशीवर शेव व जिरावण यांची उधळण झाली म्हणजे तेवढ्यानेच ध्यानात यावे की हे पुणे नव्हे, माळवा आहे. परंतु २०२६ च्या फेब्रुवारीत मी तेथे गेलो तो राजवाडा पाहण्यासाठी नव्हे. सांगावयास थोडा संकोच वाटतो, पण मी गेलो तो तेथील केराची टोपली पाहण्यासाठी!

यामागे एक घरगुती तक्रार आहे. आमचे गाव विदर्भातील एक तालुक्याचे ठिकाण; त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. काही वर्षांपूर्वी तेथे ओला व सुका कचरा वेगवेगळा ठेवण्याचा हुकूम निघाला आणि घरोघर हिरवी व निळी अशा दोन टोपल्या आल्या. आमच्या सौभाग्यवतींनी तो नियम इमानेइतबारे पाळला. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवल्या, भाजीची देठे व उष्टेखरकटे निराळे ठेवले, मुलांना रागावून शिस्त लावली. एके दिवशी ती स्वतः टोपल्या घेऊन घंटागाडीपर्यंत गेली, आणि तिच्या डोळ्यांदेखत गाडीवाल्याने दोन्ही टोपल्या एकाच ढिगावर उपड्या केल्या. ती कोणाशी भांडली नाही. घरी आली, हात धुतले आणि दुसऱ्या दिवसापासून निळी टोपली कांदे ठेवण्याच्या कामी लागली.

तेव्हापासून माझ्या मनात एकच प्रश्न घोळत होता. जे शहर २०१६ साली देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात २५ वे होते, ते २०१७ मध्ये पहिले आले आणि पुढे वर्षानुवर्षे पहिलेच राहिले, त्या इंदुरात हा वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र होत नाही, हे खरे काय? माझी मावशी राजेंद्रनगरात राहते. तिला पत्र टाकले. तिने फोनवर उत्तर दिले, “ये की! पण आल्यावर माझ्या टोपल्यांत गोंधळ करू नकोस.”

गोंधळ झालाच. पहिल्याच सकाळी, चहा होण्यापूर्वी, रस्त्यावरून गाण्याचे सूर ऐकू आले. ध्वनिक्षेपकावर स्वच्छतेचे गाणे लावून पिवळी गाडी आळीत शिरली होती. मावशीने लगबगीने दोन टोपल्या उचलल्या व बाकीच्या माझ्या हाती दिल्या. गाडी पाहून मी थोडा वेळ थबकलोच. तिच्या पोटात आडवा पडदा होता. ओल्याचा कप्पा निराळा, सुक्याचा निराळा. बाजूला लहान डबे टांगलेले होते. एकात लहान मुलांचे डायपर व स्त्रियांच्या वापरातील पॅड, दुसऱ्यात जुनी औषधे, संपलेल्या बॅटऱ्या, फुटलेल्या दिव्याची काच, तिसऱ्यात बिघडलेल्या विजेच्या वस्तू. प्लॅस्टिकचाही वेगळा हिशेब होता. म्हणजे एकूण वाटे सहा! रात्री मी दह्याचा प्लॅस्टिकचा पेला, तळाशी दही असतानाच, सुक्या टोपलीत टाकला होता. गाडीवरच्या तरुणाने तो दोन बोटांत धरून माझ्यापुढे केला आणि अत्यंत नम्रपणे म्हटले, “बाबूजी, ये नहीं चलेगा.” मी तो घरात नेला, धुतला व परत आणून दिला. तोपर्यंत गाडी थांबली होती. समोरच्या घरातील आजोबा हा सर्व प्रकार मोठ्या कौतुकाने पाहत होते.

दंडाचा धाक इंदुरात आहे, तो नाही असे नाही. परंतु मावशी म्हणाली ते मला अधिक पटले. “गाडी रोज येते रे. सणाला येते, पावसात येते. आपल्या वेळेला येते. मग आपणही नीट द्यावे असे वाटते.” हे रोजचे येणे घडवून आणण्यास मात्र मोठा खटाटोप करावा लागला होता. २०१५ मध्ये मालिनी गौड महापौर झाल्या, मनीष सिंह हे आयुक्त आले. आरंभी अवघ्या दोन प्रभागांत घरोघर कचरा गोळा करून पाहिला, आणि मग ती पद्धत हळूहळू शहराच्या ८५ प्रभागांत पसरली. चौकाचौकांतील त्या मोठ्या, सदैव उतू जाणाऱ्या कचराकुंड्या उचलल्या गेल्या. कुंडी गेली म्हणजे कचरा गाडीलाच द्यावा लागतो. आणि गाडी चुकली तर तो रात्रभर स्वतःच्या दारात सांभाळावा लागतो. गाड्यांवर स्थान कळविणारे यंत्र बसविलेले असते, म्हणून कोणती गाडी कोठे रेंगाळली हे कचेरीत बसून दिसते. २०११ च्या जनगणनेत जवळजवळ २० लाख वस्ती असलेले हे शहर आज त्याहून पुष्कळ वाढले आहे, आणि त्याचा दिवसाचा कचरा हजार टनांहून अधिक भरतो. तेव्हा ही वेळ सांभाळणे किती अवघड असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

येथे थोडे मागे जाण्याचा मोह आवरत नाही. केरकचऱ्याचा विचार इंदुरास नवा नाही. १९१७ साली प्लेगने गांजलेल्या या नगरीत नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांस होळकर दरबाराने पाचारण केले होते. त्यांनी दिवाळीत एक विलक्षण मिरवणूक काढली. जो रस्ता सर्वांत स्वच्छ असेल त्यावरून ती जाईल, अशी दवंडी आधीच पिटली होती. त्यामुळे घराघरांतून गाड्या भरभरून केर बाहेर निघाला. मिरवणुकीत उंदराची प्रचंड प्रतिमा होती, आणि शहराचे झाडूवाले स्वच्छ वस्त्रे लेवून, फुलांच्या माळा घालून मानाने चालत होते. ज्यांची सावलीही त्या काळी कित्येकांना चालत नसे, त्यांना फुलांच्या माळा! गेडिस यांचा इंदूरविषयक अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पण मला त्या ग्रंथापेक्षा ती मिरवणूक अधिक महत्त्वाची वाटते.

पुढे १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड यांनी येथल्याच कृषिसंस्थेत पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचून, ते ठराविक दिवशी वरखाली करून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत सिद्ध करण्याची रीत बसविली. ‘इंदूर पद्धत’ म्हणून ती जगभर गेली, आणि आपल्याकडील शेतकीच्या पुस्तकांतूनही ती याच नावाने शिकविली जाते. १९३१ च्या त्यांच्या ग्रंथावर दुसरे नाव आहे ते यशवंत वाड यांचे. याच वाडांनी पुढे जॅक्सन यांच्यासह १९३४ मध्ये वस्तीतील घाणीचे त्याच पद्धतीने खत करण्याविषयी लिहिले. मावशीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे उकिरड्याची विद्या आमच्या गावाची म्हण!” असो.

दुसऱ्या दिवशी पिवळ्या गाडीचा माग काढण्याचे मी ठरविले. गाड्या भरल्या म्हणजे शहरातील हस्तांतरण केंद्रांवर जातात. तेथेही ओल्याचे तोंड वेगळे व सुक्याचे वेगळे. दाबून भरलेली मोठी पात्रे मग अवजड वाहनांतून नेमावर रस्त्याने देवगुराडियाकडे निघतात. देवगुराडिया ही महादेवाची टेकडी. तिच्या पायथ्याजवळ वर्षानुवर्षे शहराचा मिसळलेला कचरा साचून त्याचेच डोंगर झाले होते; ते धुमसत असत आणि आसपासच्या वस्तीस श्वास घेणे कठीण होई. सुमारे १०० एकरांवर पसरलेला हा १३ लाख टनांहून अधिक ढीग आशीष सिंह आयुक्त असताना २०१८ मध्ये खणून, चाळून, त्यातील माती, दगड व प्लॅस्टिक वेगळे करून हलविण्यात आला. एकदा मिसळलेले निवडावयास किती सायास पडतात, हे तेव्हा शहरास कळले असावे.

त्याच परिसरात १९ फेब्रुवारी २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते एका प्रकल्पाचे उद्घाटन झाले. दिवसाला ५५० टन ओला कचरा घेऊन त्यापासून सुमारे १७,००० किलो गॅस व १०० टन खत काढण्याची त्याची क्षमता आहे. या गॅसवर शहराच्या बसगाड्या धावतात. कृती तशी जुनीच. कचऱ्याची चटणी करावयाची, ती हवाबंद टाक्यांत कित्येक दिवस कुजू द्यावयाची, निघणारा वायू शुद्ध करावयाचा. गोबर गॅस ज्यांच्या घरी आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. नवल आहे ते येणाऱ्या मालाचे. चटणीत काच, चिंध्या वा पिशव्या आल्या तर यंत्रे अडतात, आणि टाकीतील जिवाणूंचे पोट बिघडते. अन्यत्र असे कित्येक कारखाने मिश्र कचऱ्यामुळे बंद पडले आहेत. माझ्या दह्याच्या पेल्यासाठी गाडी का थांबली होती, हे मला तेथे उमगले.

व्यापाऱ्यांचे काय, हा प्रश्न होताच. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी रोज १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या हॉटेले, मंगल कार्यालये, मोठी संकुले इत्यादींवर ओल्या कचऱ्याची व्यवस्था शक्यतो स्वतःच्या आवारात करण्याची जबाबदारी टाकली होती. १ एप्रिल २०२६ पासून अंमलात आलेल्या नव्या नियमांनी ती अधिक कडक केली, आणि देशभर घरोघरी चार वाटे सांगितले. इंदूरने हे आधीच अंगी लावून घेतले होते. चोइथराम मंडईत भाजीपाल्याच्या अवशेषांपासून गॅस करणारा २० टनांचा लहान प्रकल्प आहे. खजराण्याच्या निर्माल्याचे खत होते. भंडाऱ्यासाठी स्टीलची भांडी देणारी भांड्यांची पेढीही येथे निघाली.

पण खरी परीक्षा सराफ्यात. दिवसा सोन्याचांदीची दुकाने, आणि ती मिटली की त्यांच्याच पायऱ्यांवर भुट्ट्याचा कीस, गराडू, दहीवडे, जिलब्या! मी मध्यरात्रीपर्यंत रेंगाळलो. त्यातला काही वेळ अभ्यासासाठी, उरलेला गराडूसाठी. प्रत्येक ठेल्यापाशी दोन डबे होते. एका काकांनी द्रोण चुकीच्या डब्यात टाकताच ठेलेवाल्याने हातातले काम सोडून तो उचलला. रात्री उशिरा गाडी आली, मागोमाग झाडणारे आले, आणि सराफ सकाळी दुकान उघडतील तेव्हा रात्रीचे काही उरू नये अशी तजवीज झाली.

सुका कचरा निवडण्याच्या शेडमध्ये मात्र माझा उत्साह थोडा ओसरला. सरकत्या पट्ट्याच्या दोहो बाजूंस स्त्रिया उभ्या होत्या. पुठ्ठा, बाटली, पिशवी, डबा असे वेगवेगळे करीत त्यांचे हात यंत्राच्या वेगाने चालत होते. एकीशी जेवणाच्या सुट्टीत बोललो. पूर्वी ती पाठीवर पोते टाकून कुंड्यांतून वेचीत असे. आता महिन्याचा पगार ठरलेला आहे, हातमोजे आहेत, कुत्री मागे लागत नाहीत. “पण तेव्हा दुपारी मुलाला पाहायला घरी जाता येत असे,” असेही ती म्हणाली. सर्वांत त्रास कशाचा, असे विचारता ती चटकन म्हणाली, “काचेचा. लोक कागदात गुंडाळत नाहीत.” घरी टाकलेल्या कित्येक फुटक्या पेल्यांची मला त्या क्षणी आठवण झाली.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. २०२५ च्या डिसेंबरअखेर याच शहराच्या भागीरथपुरा वस्तीत नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळले. शेकडो लोक आजारी पडले व कित्येकांचे प्राण गेले. मी गेलो तेव्हा ती जखम ताजी होती. मावशी पाणी उकळून देत होती. इंदूरच्या कौतुकाच्या गोष्टी मी सांगू लागलो की ती अभिमानाने ऐके, आणि मग मध्येच गप्प होई. एका संध्याकाळी तिने पातेल्यावर झाकण ठेवता ठेवता म्हटले, “वरचा कचरा उचलला रे, पण खालच्या नळाकडे कोणी वाकून पाहिले नाही.” यावर मला काही बोलता आले नाही.

निघण्याच्या सकाळी मी चारही टोपल्या स्वतः बाहेर नेल्या. गाडीवरच्या तरुणाने प्रत्येकीत डोकावून पाहिले आणि काही न बोलता रिकाम्या केल्या. मावशी दारातून पाहत होती; तिच्या भाच्याची अब्रू राखली गेली.

घरी येऊन सर्व हकीकत सांगितली. सौभाग्यवतींनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, “त्या गाडीला पडदा लोखंडाचा होता की पत्र्याचा?” मी ते पाहिले नव्हते. आमच्या नगरपालिकेत आता तिने एक अर्ज दिला आहे. त्यात घंटागाडीस मधोमध एक पडदा बसवावा, एवढीच मागणी आहे. आळीतील अकरा बायकांच्या सह्या त्याखाली आहेत. कांदे अजून निळ्या टोपलीतच आहेत. उत्तर आले की ते हलवू, असे तिचे म्हणणे आहे.