आवरण घालताना दुरुस्तीचाही हिशेब

‘कारखान्यातली ऊर्जाबचत, पण सोप्या भाषेत’ असा विषय संपादकांनी दिला आणि सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतली एक गरम पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आली. कारखाना टॉवेलच्या सुताला रंग देणारा. टाकीला बाहेरून दुसरा पत्रा लावून मधल्या पोकळीत पीयू फोम ओतला होता. तळाचा पाइप, फ्लँज, व्हॉल्व्ह सगळं त्यात गाडलेलं. यंदा गॅस्केट गळायला लागलं. पाणी टपकायचं एका कोपऱ्यात, गळती सापडली दुसऱ्याच टोकाला. तोवर फिटरनं निम्मा फोम छिन्नीनं उकरला होता आणि रंगकाम ठप्प झालं होतं. मालक वैतागून म्हणाले, “साहेब, हे कवचच नको. उघडी टाकी बरी.”

त्यांचा वैताग मला कळतो, पण निर्णय पटत नाही. पाणी 85 अंश आणि हवा 30 अंश असेल, तर उघड्या पत्र्याच्या दर चौरस मीटरमधून सुमारे 600 वॉट उष्णता निघून जाते. 25 मिलिमीटर ग्लासवूल घातलं की ती 85 वॉटच्या आसपास येते, 50 मिलिमीटरला 45 आणि 100 मिलिमीटरला 25. म्हणजे खरी कमाई पहिल्या इंचातच होते, पुढं खर्च वाढतो आणि बचत आटत जाते. टाकीची बाजू 12 चौरस मीटर, वापर रोज 20 तास आणि बॉयलरची कार्यक्षमता 65 टक्के धरली, तर 50 मिलिमीटरच्या आवरणानं दिवसाला साधारण 45 किलो ब्रिकेट इंधन वाचतं. ज्यानं त्यानं आपल्या दरानं गुणून पाहावं.

“सोलापुरात एवढं ऊन, इथं इन्सुलेशन कशाला?” हा प्रश्न ऐकून आता शीण येतो. मे महिन्यात हवा 42 अंशांवर गेली तरी पाण्याशी 43 अंशांचा फरक उरतोच. दुसरा गैरसमज इन्फ्रारेड गनचा. चकचकीत ॲल्युमिनियम उष्णता फार कमी प्रारित करतं, त्यामुळे गन खोटं कमी तापमान दाखवते आणि लोक निश्चिंत होतात. मोजायच्या जागी काळी टेप चिकटवून तिच्यावर गन धरावी. तिसरी गोष्ट झाकणाची. एक किलो पाणी वाफ होऊन उडालं की सुमारे 550 किलोकॅलरी नेतं, तेवढ्यात दहा किलो पाणी 30 अंशांवरून 85 वर जातं. म्हणून आधी झाकण, मग बाजू.

आता मूळ वादाकडे येतो. परदेशात घरगुती हॉट टबबाबत, म्हणजे गरम पाण्यात बसायच्या टाक्यांबाबत, हाच वाद आहे. सगळी पोकळी फोमनं भरावी, की फक्त बाहेरच्या भिंतीला थर देऊन आतले पाइप मोकळे ठेवावेत? भरलेला टब उष्णता चांगली धरतो, पण गळला की उकरावा लागतो. आमच्याकडे या वादाला सरळ तोडगा आहे. टाकीचं अंग आणि सरळ पाइप कायमचे झाकावेत, फ्लँज आणि व्हॉल्व्हना मात्र पट्ट्यांनी बांधायची सुटी जॅकेटं घालावीत. सांधे उघडे ठेवणं महागात पडतं, कारण एक उघडा व्हॉल्व्ह साधारण मीटरभर उघड्या पाइपाइतकी उष्णता घालवतो.

गळती लपणं का वाईट, तेही सांगायला हवं. पाणी ग्लासवूलच्या सुमारे पंधरापट उष्णता वाहून नेतं. भिजलेल्या चादरीनं थंडी जात नाही, तसंच हे. शिवाय ओलं आवरण पोलादाला चिकटून राहतं आणि आतल्या आत गंज धरतो. बाहेरचं क्लॅडिंग लखलखीत दिसत असतानाच पाइपाची जाडी कमी होत असते. म्हणूनच सुट्या जॅकेटांसाठी मी कितीदा कंत्राटदारांशी वाद घातला आहे! आवरणाचं बिल चौरस मीटरवर मोजून होतं, त्यामुळे सुट्या जॅकेटांची शिलाई कोणालाच नको असते.

दुरुस्तीचा खर्च आवरणाच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून धरला, तर आवरण फाडून टाकायची वेळ येत नाही. चिंचोळीतल्या उद्योजकांना माझं एवढंच सांगणं आहे: कोटेशन मागवताना जाडी आणि दर यांच्यासोबत तिसरी ओळ लिहून घ्या. कोणता सांधा, कोण, किती वेळात आणि काहीही न तोडता उघडू शकेल? जो कंत्राटदार याचं लेखी उत्तर देईल त्यालाच काम द्या, दर थोडा जास्त असला तरी.