दोन वह्या, एक मुहूर्त

उधन्यात आमच्या मंडळाचे एक छोटेखानी सभागृह आहे. पस्तीसेक वर्षांपूर्वी त्याच्या तारखांची वही आमच्या घरी असे. आम्ही खानदेशात गावी गेलो की लोकांची अडचण होई. म्हणून दुसरी वही रेल्वेरुळांपलीकडे राहणाऱ्या एका स्नेह्यांकडे ठेवली. तारीख द्यावयाची ती एकमेकांस दूरध्वनीवर विचारूनच, असा नियम ठरला. एका वैशाखात रस्ता खणताना तार तुटली आणि दूरध्वनी चार दिवस मुका झाला. त्या चार दिवसांत आम्ही एका कुटुंबास व स्नेह्यांनी दुसऱ्या कुटुंबास एकच मुहूर्त देऊन टाकला. पंधरा मिनिटे चालत जाऊन विचारावे, एवढे दोघांनाही सुचले नाही! घोळ उमगला तेव्हा पत्रिका वाटून झाल्या होत्या. अमळनेरकडचे वऱ्हाड अखेर गल्लीतल्या मांडवात, भर उन्हात जेवले. त्या वधूपित्याने पुढे कित्येक वर्षे आमच्याशी शब्द काढला नाही.

विखुरलेल्या संगणकांच्या विश्वसनीयतेचा विचार करणाऱ्यांपुढे हाच पेच असतो. संगणकांमधील जोडणी तुटली, तर प्रत्येकाने आपापल्या वहीवरून कारभार चालू ठेवावा, की चूक टाळण्यासाठी थांबावे? दोन्ही एकदम साधत नाही, हे एरिक ब्रूअर यांनी २००० साली मांडले आणि २००२ मध्ये गिल्बर्ट व लिंच यांनी गणिताने सिद्ध केले.

रेल्वेने थांबणे पत्करले आहे. संगणकीय आरक्षण १९८५ साली दिल्लीत सुरू झाले. पुढे मुंबई, कलकत्ता, मद्रास व सिकंदराबाद येथेही केंद्रे झाली आणि १९९९ मध्ये ही पाचही एकमेकांस जोडली गेली. तेव्हापासून कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. मात्र एका गाडीच्या जागांचा हिशेब एकाच केंद्राकडे असतो. त्यामुळे कलकत्त्याची जोडणी गेली, तरी मुंबई केंद्राच्या गाड्यांची तिकिटे निघू शकतात. कलकत्त्याकडच्या गाडीचे तेवढे अडते. रांगेतला माणूस चिडतो, पण एक बाक दोघांस दिला जात नाही.

या व्यवस्थांचा हिशेब करण्याची रीत अवघड नाही. खिडकीवरील यंत्र, स्थानकातील जोडणी, दूरवरची तार, मधले उपकरण व मुख्य संगणक असे पाच दुवे धरू. प्रत्येक दुवा शंभरांत ९९ वेळा चालतो असे मानले, तरी पाचही एकदम चालण्याचे प्रमाण ९५ वर येते. उलट, शंभरांत १० वेळा बंद पडणाऱ्या दोन तारा एकमेकींस पर्याय म्हणून टाकल्या, तर दोन्ही एकदम बंद पडण्याची वेळ शंभरांत एकदाच येते. कागदावर हे मोठे सुखाचे दिसते. परंतु दोन्ही तारा एकाच चरातून नेल्या असतील, तर एक कुदळ पुरते; गुणाकार तेथेच संपला. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने सुरतेचा मोठा भाग बुडाला. तसल्या पाण्यापुढे तळमजल्यावर शेजारी शेजारी ठेवलेली दोन यंत्रे एकाच यंत्रासारखी असतात. बिघाड एकमेकांपासून खरोखर वेगळे आहेत काय, हे तपासणे हाच या शास्त्रातला कठीण भाग आहे, असे आम्हांस वाटते. आकडेमोड कोणीही करील.

आम्ही दोन वह्या मोडल्या नाहीत. दोघांच्या सह्या झाल्याखेरीज तारीख पक्की नाही, एवढा नियम केला. त्यापायी पुष्कळांना हेलपाटे पडले आणि आम्हांस ‘हेकट’ ही पदवी मिळाली.

काही वर्षांनी तेच वधूपिता धाकट्या मुलीसाठी तारीख घ्यावयास आले. स्नेही तेव्हा नंदुरबारला गेले होते. आम्ही भीतभीतच म्हटले, “अण्णा, परवा यावे लागेल. दुसरी सही राहिली आहे.”

“मग परवाच येतो,” ते म्हणाले, आणि ओट्यावर बसून त्यांनी पाणी मागितले.