प्लेगचे क्रूस

मुंबईत वांद्र्याच्या, माझगावच्या, गिरगावातील खोताच्या वाडीच्या जुन्या गल्ल्यांतून हिंडताना वळणावर क्रूस भेटतात. त्यांतील कित्येकांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची साले कोरलेली आहेत. जुनी माणसे त्यांना प्लेगचे क्रूस म्हणतात. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग उद्भवला आणि पुढल्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. ज्यांना जायला ठिकाण नव्हते, किंवा ज्यांनी जायचे नाही असे ठरविले, त्यांनी गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभारले आणि तेथे प्रार्थनेसाठी जमू लागले.

ह्या क्रूसांकडे आपण बहुधा नवसाच्या खुणा म्हणून पाहतो. रोग टळावा ही याचना त्यांत होतीच. ती नाकारण्याचे कारण नाही. मला मात्र त्यांची जागा अधिक बोलकी वाटते. ते चर्चच्या आवारात नाहीत. ते रस्त्यावर आहेत, जेथून रोगी नेले जात आणि प्रेतेही जात.

त्या वेळी मांडवीत वैद्यकी करणारे डॉ. अकासिओ व्हिएगस मूळचे गोव्याचे. रोगाचे निदान प्रथम त्यांनी केले. ते निदान कोणालाच नको होते. व्यापार बसेल ही धास्ती होती, आणि त्यांच्या म्हणण्यावर विश्वास बसायला वेळ लागला. तरी ते तेथील वस्तीत रोग्यांकडे जात राहिले. धोबीतलावला त्यांचा पुतळा आहे. किती जण मान वर करून पाहतात, कोण जाणे! पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच १० मार्च १८९७ रोजी निधन पावल्या. त्या आपल्या धर्माच्या नव्हत्या, एवढे म्हणून पुढे जाणे मला जमत नाही. दयाळू शोमरोनीच्या दाखल्यात प्रभूने नेमका परका माणूसच का निवडला, ते अशा वेळी कळते.

२०२० च्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद झाली. ईस्टरची मिस्सा आम्ही घरात बसून पडद्यावर पाहिली. काहींनी ह्याला श्रद्धेची हार म्हटले. मला ते पटले नाही. शेजाऱ्याला रोग लागू नये म्हणून घरी थांबणे हीही उपासनाच. खरा प्रश्न पुढे उभा राहिला: मृतांना माती कोणी द्यायची?

आमच्या धर्मग्रामातील चार तरुण पुढे झाले. घरची माणसे दुरून पाहत. हे चौघे अंगभर प्लास्टिकचे झगे चढवून पेटी खड्ड्यात उतरवीत. त्यांतील एकाची आई आमची शेजारीण. मुलगा परतण्याच्या सुमारास ती अंगणात कढत पाण्याची बादली नि साबण ठेवी आणि दाराआड जपमाळ घेऊन बसे. एकदा मी विचारले, "भीती नाही वाटत?"

"वाटते ना, रोज वाटते. म्हणून तर जपमाळ हातात आहे. पण ह्याला जाऊ नको म्हटले, तर उद्या आपल्या घरचे माणूस कोण उचलील?"

मुलगा सुखरूप राहील, असे वचन तिला कोणी दिले नव्हते आणि तिनेही ते देवाकडे मागितल्याचे दिसले नाही. तो सुखरूप राहिला. चौघांपैकी दुसऱ्या एकाला मात्र रोगाने गाठले. तीन आठवडे त्याच्या घरी डबा पोहोचविण्याचे वार वाडीतल्या बायकांनी वाटून घेतले. शुक्रवारचा डबा एका मुसलमान शेजारणीकडून येई. आपला शुक्रवार लक्षात ठेवून त्या दिवशी ती डब्यात मांस घालीत नसे.