टोपीकर

परिसंवाद भरविणे आणि मुलीचे लग्न काढणे, दोन्ही सारखेच. याद्या काही संपत नाहीत! यंदा जुन्या व्यापारी कंपन्यांवरचा परिसंवाद माझ्या गळ्यात पडला. कारण काय, तर मी ‘आज्ञापत्र’ शिकवतो. टोपीकरांना समुद्रकिनारी जागा देऊ नये, असे रामचंद्रपंत अमात्यांनी त्यात बजावले आहे ना!

दिवाळीला किन्हीराजाला गेलो, तो यादी खिशात घेऊनच. ओसरीवर काकांना वाचून दाखविली : १६०० ची इंग्रजांची सनद, सुरत आणि राजापूरच्या वखारी, वेंगुर्ल्याचे डच.

काका सुपारी कातरत म्हणाले, “अन् आपला वऱ्हाड?”

मी चपापलो. १८३३ च्या कायद्याने कंपनीचा व्यापार बंद झाला होता. तरी १८५३ मध्ये कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाकडून वऱ्हाड तिने आपल्या ताब्यात घेतला. दुकान बंद, वसुली चालू! आमच्या गावाला ना समुद्र, ना बंदर. टोपीकर आला तो कर्जाच्या वहीतून.

त्या रात्री यादीत वऱ्हाड सर्वांत वर लिहिला. वक्ता कोण?

“तूच बोल,” काका म्हणाले, “गाव तुहंच हाय.”